एक गृहस्थ बसलेले असतात

"अहो, तेवढा पडदा सरकवता का?" ती म्हणाली, आणि त्यानं उठून पडदा सरकवला. तिच्या गळ्यावर आलेली उन्हाची पट्टी विझली. तो परत येऊन स्टुलावर बसला आणि मग, मऊ घासात खडा लागावा तसं ते त्याला लागलं. अहो. सरकवता का. त्यानं तिच्याकडे पाहिलं. नाकाखाली ऑक्सिजनची नळी, एका बाजूनं चपटे झालेले केस, सुकलेले ओठ, पण डोळे अगदी तिचेच होते, स्वच्छ आणि जागे. बसमध्ये कोणी उठून जागा दिल्यावर त्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं ती त्याच्याकडे पाहत होती.

इतक्या वर्षांत तिनं त्याला कधी अहो म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून नाही. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याची कामाची जागा एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती, आणि ती त्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. एका सकाळी त्यानं प्लास्टरचं पोतं जिन्यातच टेकवून दम घेतला होता, तेवढ्यात ती खालून कागदांचा भारा घेऊन वर आली आणि म्हणाली, "अरे, हे पोतं तुझं का? उचल बरं." ओळख नाही, पाळख नाही. त्या 'अरे'मध्ये तो जो अडकला तो अडकलाच. लग्नानंतर त्याच्या आईनं तिला अहो म्हणायला शिकवायचा बराच प्रयत्न केला, शेवटी नाद सोडला. मुलगी लहान असताना शेजारपाजारचं ऐकून एकदा विचारायला आली होती, "आई, तू बाबांना अहो का नाही म्हणत?" तर ती म्हणाली होती, "अहो म्हटलं की माणूस जरा लांब जाऊन उभा राहतो. मला हा जवळ लागतो." हे सगळं त्या स्टुलावर बसल्या बसल्या त्याच्या डोक्यातून गेलं, आणि तरीही त्याला वाटलं, भुलीचा अंमल असेल, जिभेला वळण सापडत नसेल. तो पुढे वाकून म्हणाला, "पाणी हवंय तुला?" ती किंचित मागे सरकली, उशीत. मग छापखान्यात येणाऱ्या लेखकांसाठी जे हसू तिच्याकडे राखून ठेवलेलं असायचं ते हसून म्हणाली, "नको. तुम्ही कोणाबरोबर आला आहात?"

तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. रक्त पुढे जायचं तसं थोडं मागेही यायचं, आणि गेलं वर्षभर ती जिन्याच्या वळणावर काहीतरी बघायला थांबल्यासारखं करून श्वास गोळा करायची. भिंतीवर बघण्यासारखं काही नसायचं. छाती उघडून दुरुस्ती करायचं तिचं वय राहिलं नव्हतं, हाडं आणि मूत्रपिंडंही त्याला राजी नव्हती. तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनी दुसरा मार्ग सांगितला. ते फार उंच होते आणि सगळं हातांनी दाखवायची त्यांना सवय होती. मांडीतल्या शिरेतून एक नळी वर न्यायची, हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक भोक पाडून पलीकडे जायचं, आणि झडपेच्या दोन पाकळ्या मधोमध एका चिमट्यानं धरून ठेवायच्या. त्यांनी दोन तळवे समोरासमोर धरून फडफडवले. "कपडे वाळत घालताना लावतो ना आपण, तसा चिमटा. अगदी लहान." "म्हणजे माझं काळीज वाळत घालणार म्हणा की," ती म्हणाली, आणि डॉक्टरांना हसावं की नाही ते कळलं नाही. धोकेही सांगितले होते त्यांनी. त्यानं ते ऐकले होते, पण ऐकताना तो डॉक्टरांच्या दातांकडे पाहत होता. वरचा एक सुळा किंचित फिरलेला होता. कवळीत असा एखादा दात तो मुद्दाम फिरवून बसवायचा. सगळे सरळ बसवले तर कोणाचा विश्वास बसत नाही.

त्या दिवशी तो आणि मुलगी बाहेरच्या लांबट खोलीत बसले होते. मुलगी दुसऱ्या शहरातून आली होती आणि सारखी घड्याळाकडे न बघायचा प्रयत्न करत होती. कधीतरी तो चहाच्या यंत्रापाशी गेला. हे त्याला आठवतं. कागदी पेला भरला, बोटांना चटका बसला, पेला त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्यानंतरची आठवण अशी, की पेला हातात आहे, भरलेला आहे आणि गार आहे. चहावर साय धरली आहे. मुलगी समोर उभी आहे, तिचा चेहरा पांढरा पडलाय आणि ती म्हणतेय, "बाबा, कुठे गेला होतात? मी सगळीकडे शोधलं." "इथेच तर होतो," तो म्हणाला. "इथे नव्हतात. मी इथे दोनदा येऊन गेले." पुढे काही बोलायला वेळ नव्हता. डॉक्टर बाहेर आले होते, तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढून. पडद्यातून पलीकडे जाताना हृदयाच्या भिंतीला बारीक इजा झाली होती. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठलं, त्या दाबानं हृदयाला उघडायलाच जागा राहिली नाही. सुई घालून ते रक्त काढावं लागलं. "काही मिनिटं वाईट गेली," डॉक्टर म्हणाले, आणि या वेळी त्यांनी हातांनी काही दाखवलं नाही. पण नंतर चिमटा बसवला होता, ती स्थिर होती, भेटू देतील थोड्या वेळानं.

त्या वाईट मिनिटांत आपण कुठे होतो, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला नाही. तो नंतर पडला, तिनं अहो म्हटल्यावर.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या होत्या आणि खिशातल्या छोट्या टॉर्चशी चाळा करत बोलायच्या. त्या धावपळीत कुठेतरी एक गुठळी सुटून वर गेली होती, मोहरीएवढीसुद्धा नसेल. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, स्मरण शाबूत. "चेहरा त्या ओळखतात," बाई त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या. "पण आपलं माणूस समोर आलं की आत काहीतरी हलतं बघा, ते हलत नाहीये. डोळे सांगतात हा तोच, आणि आतून काहीच साद येत नाही. मग मेंदू त्याचा त्याचा अर्थ लावतो. दिसतो तसाच, पण तो नव्हे." त्यानं विचारलं, "मुलीला कशी मग ओळखते?" "पुष्कळदा सगळ्यात जवळच्या माणसाच्याच बाबतीत होतं हे." एक क्षणभर त्याला बरं वाटलं, मग आपल्याला बरं वाटलं याचंच विचित्र वाटलं. "बरं होईल?" "होतं बऱ्याच जणांचं. काहींचं रेंगाळतं. तुम्ही वाद घालू नका. मी तोच आहे म्हणून पुरावे देत बसू नका, त्यांना भीती वाटेल."

भीती तिला वाटत नव्हती. वाटत होतं ते कुतूहल. आयुष्यभर चुका शोधून काढलेले तिचे डोळे त्याच्यावरून ओळीओळीनं फिरायचे. तो सफरचंद कापत बसलेला असायचा आणि मान वर न करताही त्याला कळायचं, आता कपाळ झालं, आता भुवई झाली, आता ती कानापाशी थांबली. "कानाची पाळी त्याची एवढी जाड नाहीये," ती एकदा म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बाकी काम फार चांगलं झालंय तुमचं. हातावरचा भाजल्याचा डाग पण घेतलाय. आवाजसुद्धा शिकलात. फक्त डोळ्यांत जरा घाई झाली." हे ती चेष्टेनं म्हणत नव्हती. नवशिक्याला न दुखावता त्याच्या कामावर शेरा द्यावा तसं म्हणत होती. तो दवाखान्याच्या न्हाणीघरात गेला आणि आरशात बघत राहिला. कानाची पाळी त्यानं दोन बोटांत धरली. पूर्वी केवढी होती? स्वतःच्या कानाची पाळी कोणाला माहीत असते? इतरांचे जबडे त्यानं हातात धरून, उलटसुलट करून पाहिले होते. कोणाचा घास कुठल्या बाजूला पडतो हे त्याला नुसत्या साच्यावरून सांगता यायचं. स्वतःचा साचा त्यानं कधी घेतला नव्हता. आरशातला माणूस त्याला जरा जास्तच नीट वाटला. दोन्ही बाजू सारख्या. कुठेतरी एखादा दात फिरवायचा राहून गेला असावा, असं.

मुलीनं त्याला आंघोळीला आणि तिची शाल आणायला घरी पाठवलं. घर तसंच होतं. खुर्चीवर तिचा चष्मा, टेबलावर तिनं वर्तमानपत्रात लाल पेन्सिलीनं खूण केलेली वेलांटी. शाल कपाटात सापडेना, तेव्हा सवयीनं, खरोखर निव्वळ सवयीनं, त्यानं तिच्या मोबाइलला फोन लावला. दोनदा वाजला आणि उचलला गेला. "अरे, आहेस कुठे तू?" ती म्हणाली.

तो पलंगाच्या कडेवर बसला. "घरी," तो म्हणाला. "शाल सापडत नाहीये." "खालच्या खणात, ब्लँकेटच्या खाली. तुला कधी सापडलंय काही? आणि इतके दिवस आला का नाहीस? मी मरून परत आले, कळलं का तुला?" "कळलं." "मग?" तिचा श्वास ऐकू येत होता, अजून थोडा तोकडाच. मग तिनं आवाज खाली केला. "ऐक. इथे एक गृहस्थ बसलेले असतात. थेट तुझ्यासारखे दिसतात. तू बघितलंस तर घाबरशील. आता नाहीयेत, बाहेर गेलेत." "त्रास देतात का?" त्यानं विचारलं. "छे रे. सज्जन आहेत. सफरचंदं कापतात. पण तू ये."

डॉक्टरीणबाईंना त्यानं हे सांगितलं, तर त्यांना नवल वाटलं नाही. डोळ्यांची वाट बिघडली होती, कानांची शाबूत होती. समोर चेहरा असला की चेहरा कानांवर मात करायचा, नसला की आवाज सरळ आत पोचायचा. बाईंनी दोन बोटांनी हवेत दोन वेगवेगळे रस्ते काढून दाखवले. त्याला ते पटलं. पण पटल्यानं काही होत नाही. त्याच्या मनात राहिलं ते एवढंच, की ती ज्याच्याशी बोलली तो घरी होता, आणि शाल घेऊन परत आला तो दुसरा होता. "शाल आणलीत? तुम्हाला कशी सापडली?" तिनं विचारलं, आणि शाल नाकाशी नेऊन घराचा वास घेतला.

मग तपासणीत दिसलं, की चिमटा एका बाजूनं निसटलाय. एक पाकळी त्यानं धरली होती, दुसरी सुटली होती, आणि रक्त पुन्हा मागे येत होतं. पाय सुजले. दोन उशा घेऊनही तिला आडवं होता येईना. दुसरा चिमटा लगेच बसवायला हवा, डॉक्टर म्हणाले. त्याच वाटेनं पुन्हा जावं लागेल, आणि धोका पहिल्याहून कमी नाही. ती शांतपणे म्हणाली, "माझा नवरा आल्याशिवाय मी काही करून घेणार नाही." डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं फरशीकडे. मुलगी म्हणाली, "आई, अगं..." आणि थांबली. मग ती त्याला दारापर्यंत घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा, खाली जा आणि फोन करा."

लिफ्टपाशी एक खिडकी होती, खाली गाड्या लावायची जागा. तिथे उभं राहून त्यानं फोन लावला. "दुसऱ्यांदा करायचं म्हणतात," ती म्हणाली. "मला माहीत आहे." "मी काय करू?" त्यानं डोळे मिटले. काळजाच्या आत, कुठल्यातरी ओल्या अंधारात, अर्धवट धरलेली एक पाकळी फडफडत होती. "करून घे." "डॉक्टर म्हणतात म्हणून सांगतोयस, की तुला वाटतं?" "मला वाटतं." "आवाज का असा तुझा?" "भीती वाटते मला," तो म्हणाला. हे त्यानं तिला समोरासमोर कधी म्हटलं नसतं, आणि म्हटल्यावर त्याला वाटलं, फोनवरचा माणूस आपल्यापेक्षा बरा आहे. "ते मला माहीतच आहे," ती म्हणाली. "म्हणून तर आत येत नाहीस. बाहेर कुठेतरी कठड्याला धरून उभा असशील. बरं, करते. पण मी बाहेर येईन तेव्हा तू दिस मला." "दिसेन."

तो वर गेला तेव्हा ती त्याला म्हणाली, "आमच्याचा फोन होता. करून घे म्हणतोय." तिचा चेहरा मोकळा झाला होता. तिला न्यायला माणसं आली तेव्हा तिनं पहिल्यांदाच आपणहून त्याचा हात धरला. तिचे तळवे गार होते. "तुम्ही थांबा हं," ती म्हणाली. "त्याला या सगळ्याची सवय नाही. बाहेर भेटला तर बसवा जरा. चहा पाजा." "पाजतो," तो म्हणाला. दार मिटलं.

या वेळी त्यानं खुर्चीचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला. आपण कुठे जायचं नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं. मुलगी बाजूला होती, तिच्या खांद्याची ऊब त्याला लागत होती. समोर भिंत, भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीची चित्रं, पलीकडे लिफ्टशेजारी, जिन्याच्या कठड्यापाशी, चहाचं यंत्र. यंत्रापाशी एक माणूस पाठमोरा उभा होता. टाळूवर टक्कल, एक खांदा दुसऱ्याहून किंचित खाली, अंगात राखाडी स्वेटर. त्यानं पेला भरला, चटका बसल्यासारखा पटकन दुसऱ्या हातात घेतला आणि तो तिथेच उभा राहिला, न पिता, कठड्याला धरून. उठून त्याच्यापाशी जावं आणि म्हणावं, बसा जरा, असं त्याला इतक्या जोरानं वाटलं, की दांड्यावरची बोटं पांढरी झाली. तो उठला नाही. त्या माणसानं मान वळवली असती तर काय दिसलं असतं याची त्याला भीती वाटत होती असंही नाही; भीती अशी होती, की तो माणूस मान वळवेल, आपल्याकडे बघेल आणि आपल्याला ओळखणार नाही. लिफ्टचं दार उघडलं. माणूस आत गेला. "काय बघताय, बाबा?" मुलीनं विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि दुरूनच त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर घट्ट मिटून दाखवले.

दुसरा चिमटा टिकला. सूज उतरली, ओठांवर रंग आला, ती सलग वाक्यं बोलू लागली. त्या दिवशी बाहेर आणल्यावर मात्र तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग त्याच्या मागे, दाराकडे. "आला नाही ना?" ती म्हणाली. त्यानं मान हलवली.

घरी आल्यावर मुलगी काही दिवस राहिली आणि मग तिला जाणं भाग पडलं. निघताना ती त्याच्या गळ्यात पडून रडली आणि आईपाशी जाऊन म्हणाली, "हे काका राहतील तुझ्या सोबतीला." काका म्हणताना तिनं त्याच्याकडे बघायचं टाळलं. तो बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपू लागला. स्वतःच्या झोपायच्या खोलीच्या दारावर टकटक करून आत जाऊ लागला. कपाटाला तिनं कुलूप लावलं. "तुम्हाला येतील ते कपडे, पण त्याचे आहेत," ती समजुतीनं म्हणाली, आणि त्यानं बाजारात जाऊन नवे सदरे आणले. ते घेताना दुकानदारानं माप विचारलं तेव्हा तो थोडा घोटाळला. जेवायला ती तीन ताटल्या घ्यायची. तिसरी तशीच पालथी राहायची आणि मग तो ती न वापरलेली ताटलीही विसळून ठेवायचा.

रोज दुपारी तो जिन्याच्या वळणावर उतरून तिला फोन करायचा. तू कुठे आहेस, या प्रश्नाला काहीतरी उत्तर द्यावं लागत होतं, तेव्हा त्यानं सांगितलं, की जुन्या सोबत्यानं एका लांबच्या गावी कवळ्यांचा कारखाना काढला होता, तो बंद करायचाय, मदतीला आलोय. मग ती विचारायची, खोली कशी आहे. तो म्हणायचा, बरी आहे, खिडकी मागच्या अंगाला उघडते. नळ गळतो. खाली कोणीतरी दिवसभर लाकूड तासत असतं. रोज थोडं थोडं सांगावं लागायचं आणि आदल्या दिवशीचं लक्षात ठेवावं लागायचं, पण हळूहळू लक्षात ठेवायची गरजच उरली नाही. ती खोली त्याला दिसू लागली. खाटेचा उजवा पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठा. तासलेल्या लाकडाचा वास. एकदा तो बोलत असताना तिनं फोन स्पीकरवर ठेवला होता आणि दार किलकिलं होतं. त्याचाच आवाज घराच्या आतून आला, किंचित उशिरा. तो म्हणाला, "जेवलीस का," आणि आतून कोणीतरी म्हणालं, जेवलीस का. आणि ती हसली. त्याच्यासाठी नव्हे, त्या आतल्यासाठी. कठड्याचं लोखंड त्याच्या तळव्याला एकदम गार लागलं. हे हसू त्यानं किती दिवसांत समोर पाहिलं नव्हतं. ते मिळवणाऱ्याचा त्याला राग आला, आणि त्या रागाला उभं राहायला जागाच मिळेना.

पण सकाळ त्याची होती. सकाळी ती त्याच्याबरोबर असायची, तो दूध गरम करायचा, ती खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसायची आणि चुका वाचून दाखवायची. "बघा, 'शोकसभेत' लिहायचं तर 'शौकसभेत' छापलंय. गेलेला माणूस खूश झाला असेल." तो हसायचा. मग ती सांगायची, नवऱ्याबद्दल. झोपेत तो दात खातो. मुलगी झाली तेव्हा त्यानं तिला हातात घेतलं आणि पहिल्यांदा तिच्या हिरड्या बघितल्या. माझ्या आजारपणात तो स्वयंपाकघरात नळ सोडून उभा राहायचा, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी कधी सांगितलं नाही त्याला, की ऐकू येतं. हे सगळं तो ऐकत बसायचा. एकदा तिनं मध्येच थांबून विचारलं, "तुमचं कोण आहे?" त्यानं उत्तर शोधलं. बायको आहे म्हणावं तर ती कुठे आहे हे सांगावं लागलं असतं. "तसं कोणी नाही," तो म्हणाला. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. या वेळी कान, डोळे, चुका असं काही शोधत नव्हती. मग तिनं आपल्यासमोरची बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि झडप उत्तम आहे म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे बोट दाखवून तिला विचारलं, "हे कोण?" ती म्हणाली, "हे आमच्याकडे असतात." बाईंनी त्याला सांगितलं, अजून वेळ द्या. तो बरं म्हणाला. आपल्याला वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही, हे त्याला परतताना टॅक्सीत जाणवलं.

त्या दुपारी तो नेहमीसारखा जिन्याच्या वळणावर उतरला. फोन लावला. "ऐकतोयस?" ती म्हणाली. आवाज हळू होता, पण ठाम. "मला तुला काहीतरी सांगायचंय. रागावू नकोस." "नाही." "तू येऊ नकोस आता." जिन्यात कोणी नव्हतं. वरच्या झरोक्यातून उजेडाचा चौकोन पायऱ्यांवर पडला होता. "का?" त्यानं विचारलं. "तू आलास की यांना जावं लागेल. यांचं कोणी नाही रे. सांगत नाहीत, पण माझ्या लक्षात आलंय. एवढं तुझ्यासारखं दिसायचं आणि कोणाचंच असायचं नाही, म्हणजे कसं होत असेल माणसाला. तुला मी आहे. तू कुठेही असलास तरी मी आहेच." त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "दुखावलास?" "नाही." "नीट राहशील ना तिथे?" "राहीन." "खाटेचं बघ काहीतरी, पाठ धरेल." "बघतो," तो म्हणाला. "मग ठेवते," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "अरे." एवढंच. ज्या स्वरात तिनं पोतं उचलायला सांगितलं होतं त्या स्वरात नव्हे. निरोप द्यायला दारापर्यंत येऊन माणसानं चौकटीला हात लावावा, त्या स्वरात. फोन बंद झाला. कुठल्यातरी लांबच्या गावी, मागच्या अंगाला उघडणाऱ्या खिडकीपाशी, कोणीतरी कानाला लावलेला फोन खाली घेतला आणि तासलेल्या लाकडाच्या वासात हळूच खाटेवर बसलं. खाट एका बाजूला कलली. हे त्याला इतकं स्पष्ट कळलं, की त्यानं कठडा धरला. त्या माणसाला परत फोन करावा असं त्याला वाटलं. कुठल्या नंबरवर करायचा, ते त्याला कळेना.

तो वर आला. ती खिडकीपाशी बसली होती, डोळे पुसून झाले होते. "बसा ना," ती म्हणाली. तो समोर बसला. "इतके दिवस झाले, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. मुलगी काका म्हणते, ते ठीक आहे. मी काय म्हणू?" त्यानं तोंड उघडलं. स्वतःचं नाव जिभेवर होतं, पण ते आता दिलं तर त्या लांबच्या खोलीतल्याकडे काय उरणार, असं त्याच्या मनात आलं. त्यानं दुसरंच एक नाव सांगितलं. कुठून आलं कोण जाणे. ओळखीत कोणाचंच नव्हतं. तिनं ते नाव दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं, एकदा सावकाश, एकदा हाक मारल्यासारखं. "छान आहे," ती म्हणाली. "शोभतं तुम्हाला."

मग ती उठली, चहा मी करते म्हणाली. दम न लागता, कुठेही न थांबता स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली. तो खुर्चीत बसून राहिला. नळ वाजला, भांडं वाजलं. आतून तिनं त्या नावानं हाक मारली, साखर किती घालू म्हणून, आणि त्याच्या मनात काही येण्याच्या आतच त्यानं ओ दिली.